टोपीसकट

वद मदनीच्या शाळेत माझ्याकडे फळा होता,
रंगीत खडू होते,
आणि भेंडीच्या आडव्या छेदाचं एक चित्र,
बावीस वर्षं तेच.
पाच कप्पे. मधोमध खांब.
खांबाला धरून दाण्यांच्या रांगा.
मुलं उतरवून घ्यायची, मी सही करायचो.

इथे गदारिफच्या बाहेर, बाभळीच्या सावलीत
सावली सरकते तशी शाळा सरकते.
फळा नाही.
म्हणून शेजारच्या तंबूतल्या सित्तनाकडून
एक भेंडी उसनी आणली.
"आणि परत कशी करणार, उस्ताद?"
रास्त प्रश्न.

बरोब्बर मध्ये कापली.
चिकाची तार सुटली, पात्यापासून बोटापर्यंत,
तुटेना. मुलं खिदळली.
कापलेलं तोंड शाईत टेकवलं,
अल-तोमच्या वहीवर दाबलं, उचललं.
चांदणी उमटली,
दर पाकळीच्या पोकळीत एकेक ठिपका.
"पाच कप्पे," मी म्हणालो.
"सहा," अल-तोम म्हणाला.
मोजले.
सहा.
भेंडीनं माझं चित्र कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सित्तना स्वतः आली,
तोबच्या पदरात तीन जून भेंड्या घेऊन.
लाकूड झालेल्या, धारांवरून जराशा उकललेल्या,
हलवल्या की खुळखुळणाऱ्या.
गाव सोडताना लोकांनी सोनं घेतलं, जमिनीचे कागद घेतले,
हिनं ह्या.
प्रत्येक चौकीच्या आधी
फटींतून कापूस कोंबायची,
दाणे वाजू नयेत म्हणून.
चौकी मागे पडली की कापूस काढायची,
"त्यांनाही श्वास लागतो," म्हणाली.
याला शास्त्रात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.
मी सांगितलं नाही.

दाणा करडा-हिरवा, वाटाण्याहून लहान,
एका अंगाला बारीक वण:
इथून तो खांबाला जोडलेला होता.
आपल्या बेंबीसारखा, मी म्हटल्यावर
सगळ्यांनी सदरे वर केले.
कातडी टणक. रात्रभर भिजवायला हवी,
आणि पाणी तर रांगेत मोजून मिळतं.
वुझू करताना हातावरून ओघळलेलं पाणी
सित्तनानं वाटीत धरलं,
दाणे त्यात झोपले.

तेलाच्या रिकाम्या डब्यात माती.
सहाव्या दिवशी काहीतरी वर आलं,
पण डोकं नव्हे.
आधी मान आली, वाकडी,
पोतं ओढणाऱ्या हमालाच्या पाठीसारखी.
डोकं अजून खालीच, मातीत रुतलेलं.
दुपारपर्यंत मानेनं ते उपसून काढलं,
आणि डोक्यावर बियाची टरफलं तशीच,
घट्ट, कानांपर्यंत ओढलेल्या टोपीसारखी.

अल-तोमनं बोटं पुढे केली.
सित्तनानं हातावर चापट मारली.
"ओढलीस तर पान फाटेल."
मग जिभेनं बोट ओलं केलं,
टोपीला लावलं. पुन्हा लावलं.
"आता थांब."
शाळेत मी पुष्कळ शिकवलं;
थांब हे दोन अक्षरांचं प्रकरण राहून गेलं होतं.

असरच्या नमाजापर्यंत टोपी सैल झाली,
एका बाजूला कलली,
पडली.
आतून दोन पानं उलगडली,
जाडसर, गोल, एकमेकांत घडी घालून ठेवलेली.
भेंडीची म्हणून ओळखू येणार नाहीत अशी.
दातेरी पान तिसरं येतं, मी म्हणालो,
ही दोन फक्त तोवर पोसण्यासाठी.

तोम म्हणजे जुळ्यांतला एक.
दुसऱ्याबद्दल इथे त्याला कुणी विचारत नाही.
डब्याशी उकिडवा बसून
बराच वेळ बघत राहिला तो.
"ही दोघं एकाच टोपीत होती?"
"हो."
"अंधारात?"
"हो."

वहीत त्यानं रोप काढलं,
टोपी पडल्यावरचं नाही, आधीचं.
मी सही केली.

सित्तना जाता जाता म्हणाली,
एक भेंडी अजून बाकी आहे, उस्ताद.